वाकळ, कौदी, कवंद: इचलकरंजी ते मुंडगोड, चार दिवस

परत येऊन आठ दिवस झाले तरी रोज कोणी ना कोणी विचारतंय, तुम्ही गेला होता कुठं नक्की, गोव्याला की गोकर्णला? दोन्हीकडं नाही. आम्ही चिंध्या बघायला गेलो होतो, चिंध्या जोडून हातानं शिवलेल्या वाकळा, म्हणजे गोधड्या. म्हणजे मी, माझी एकाहत्तर वर्षांची आत्या आणि गाडी चालवायला माझा मुलगा, जो बेळगावात इंजिनिअरिंग करताना कामापुरतं कन्नड शिकलाय आणि त्याचा या चार दिवसांत फार म्हणजे फारच उपयोग झाला.

सुरुवात झाली एका व्हिडिओपासून. पावसाळ्यात एका दुपारी मोबाईलवर एक अमेरिकन बाई दिसली, टेबलावर रंगीत तुकडे पसरून कडेकडेनं धावदोरा घालत चाललेली, आणि त्याला ती 'कवंदी क्विल्ट' म्हणत होती. शेजारी आत्या लसूण सोलत बसलेली. तिनं मान वळवून बघितलं आणि म्हणाली, "ही बाई वाकळ शिवतीय की." मी म्हणलं अगं ते कर्नाटकातल्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी बायकांचं काम आहे, ती त्यांच्याकडून शिकलीय. आत्यानं लसूण बाजूला ठेवला, तो व्हिडिओ तीनदा बघितला आणि मग विचारलं, "कर्नाटकात कुठं? किती लांब हाय?"

लांब काहीच नाही. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड, उत्तर कन्नड जिल्ह्यातले तीन तालुके, आपल्याकडनं एका दिवसात आरामात पोचता येतं. मी स्वतः शिवणकाम शिकवते, क्विल्टिंगचे कोर्सपण केलेत, आणि इतक्या जवळच्या गोष्टीचा पत्ता मला सॅन फ्रान्सिस्कोच्या मार्गारेट फॅब्रिझिओ यांच्यामुळं लागावा याचं मला खरंच वाईट वाटलं. त्यांनी तिकडं सिद्दी पद्धतीचं काम केलं आणि शिकवलंपण. विस्कॉन्सिन विद्यापीठातले कलेचे अभ्यासक हेन्री ड्रूअल यांनी तर २००४ पासून इथल्या बायकांसोबत काम केलं, क्विल्ट शिवणाऱ्या बायकांची सहकारी संस्था उभी राहायला मदत केली, आणि २०११ मध्ये ही कवंदं न्यूयॉर्कच्या शॉम्बर्ग सेंटरमध्ये भिंतीवर लागली. आपल्याकडं मात्र वाकळ म्हणलं की लोक नाक मुरडतात आणि डिसेंबरात दुकानातलं चिनी ब्लँकेट घेऊन येतात.

दिवस पहिला: इचलकरंजी ते धारवाड

डिसेंबरातला शुक्रवार, पहाटे निघालो. आत्याच्या पिशवीत कपडे कमी आणि चिंध्यांचं गाठोडं मोठं, त्यात अर्धी झालेली एक वाकळसुद्धा. निपाणीच्या पुढं चांगलंच धुकं लागलं. बेळगावात नाश्ता झाला, कुंदा घेतला, दुपारपर्यंत धारवाड. या टप्प्यात सांगण्यासारखं बाकी काही नाही.

धारवाडला थांबायचं कारण कसुती, म्हणजे तिकडचं हातानं करायचं भरतकाम. माझ्या मैत्रिणीच्या सासरच्या एक बाई कसुतीचं काम करतात, त्यांच्या घरी गेलो. कापडावर काहीही छापायचं नाही, रेखायचं नाही, नुसते कापडाचे उभे-आडवे धागे मोजायचे आणि टाका घालायचा. चार प्रकारचे टाके: गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी. गवंती आणि मुरगी दोन्ही बाजूंनी सारखी दिसली पाहिजे, म्हणजे पदर उलटा केला तरी तुळशी वृंदावन तुळशी वृंदावनच दिसायला हवं, आणि कुठंही गाठ मारायची नाही. दोरा जिथनं निघाला तिथंच फिरून परत येतो. त्यांनी मला इलकल साडीच्या (आपली इरकल) पदरावरचा एक छोटा रथ करायला बसवलं, मी एके ठिकाणी चारऐवजी पाच धागे मोजले आणि पुढं सगळा रथच वाकडा निघाला. त्यांनी शांतपणे उसवला. "एक धागा चुकला की देव रथातनं खाली पडतो" असं काहीसं त्या कन्नडमध्ये म्हणाल्या, मुलानं सांगितलं.

तिथंच त्यांच्या पलंगावर एक जाड पांघरूण होतं, जुन्या इलकल साड्यांचं, लाल पदराचे तुकडे वरती आलेले. आत्यानं हात फिरवत विचारलं, "ही वाकळ कुणी शिवली?" त्या म्हणाल्या, कौदी. त्यांच्या आईची. मग दोघी एकमेकींना "वाकळ", "कौदी" असं म्हणत आणि बोटांनी टाके दाखवत बसल्या, मला वाटतं वीस मिनिटं तरी, एकीला कन्नड येत नाही आणि दुसरीला मराठी तुटकं.

रात्री ज्वारीची कडक भाकरी, एणगाई (आपलं भरलं वांगं, पण तीळ आणि शेंगदाण्यानं घट्ट), शेंगाचटणी आणि दही. संध्याकाळी बाजारात गिरमिट (चुरमुऱ्यांचा चटपटीत प्रकार) आणि मिरचीभजी खाल्ली असेल तर जेवण जाणार नाही, आमचं मुलाच्या आग्रहानं तेच झालं.

धारवाडला जाणार असाल तर कसुती खरी की मशीनची हे ओळखायची सोपी खूण म्हणजे उलटी बाजू बघा. मागं दोऱ्यांचा गुंता किंवा कागदासारखं अस्तर असेल तर ते मशीनचं. दुकानदार रागावत नाहीत, बघू देतात.

दिवस दुसरा: हल्याळ आणि सिद्दी वस्ती

धारवाडहून हल्याळ तासाभरावर. हल्याळात मराठी सगळीकडं चालतं, बाजारात तर मला आजऱ्या-चंदगडला आल्यासारखं वाटलं. इथल्या एका शाळेतल्या बाईंशी आधी फोनवर बोलणं झालं होतं, त्यांनीच वस्तीतल्या बायकांना विचारून आमचा दिवस ठरवलेला. हे मुद्दाम सांगते, कारण असं न विचारता जाऊन उभं राहू नका. ती लोकांची घरं आहेत, रोज मजुरीला जाणाऱ्या बायका आहेत, डिसेंबरात भातकापणी आणि सुपारीचं काम ऐन भरात असतं. आम्हाला दुपारनंतरचीच वेळ मिळाली.

हल्याळच्या पुढं रस्ता साग आणि बांबूच्या जंगलात शिरतो. सिद्दी म्हणलं की आपल्याला मुरुडचा जंजिरा आठवतो, शाळेतल्या इतिहासामुळं. पण या जंगलातल्या सिद्दींची गोष्ट वेगळी. यांच्यातल्या अनेकांचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून पोर्तुगीजांच्या गोव्यात आणलेले, तिथनं सुटून घाट चढून ते या रानात आले आणि इथंच राहिले. कोणी हिंदू, कोणी मुसलमान, कोणी ख्रिस्ती. घरात कोकणी बोलतात, त्यात मराठी-कन्नड मिसळलेलं. २००३ मध्ये कर्नाटकातल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, आणि २०२० मध्ये शांताराम सिद्दी विधान परिषदेवर गेले, तिथं पोचलेले ते पहिले सिद्दी.

आम्ही गेलो ती वस्ती आठ-दहा घरांची. शेणानं सारवलेलं अंगण, कडेला सुपारी वाळत टाकलेली, आणि ओसरीच्या दांडीवर एक कवंद. मी फोटोत शंभर वेळा बघितलं होतं, पण समोर बघताना पायच थांबले. पिवळा, गडद निळा, फुलांचा छाप, शाळेच्या युनिफॉर्मची चौकट, आणि मध्येच एक तांबडाभडक तुकडा, असा की दुसऱ्या कुणी तो तिथं लावलाच नसता. पण तो तिथंच पाहिजे होता.

ज्या अक्का आम्हाला भेटल्या (नाव देत नाही, त्यांनीच सांगितलं फोटो आणि नाव नको) त्यांनी चटई टाकली, आतून चहा आला आणि त्यांनी अर्धवट शिवलेलं कवंद पुढं ओढलं. आता इथं जरा सविस्तर सांगते, कारण शिवणाऱ्यांना हेच हवं असणार.

खाली अस्तर म्हणून जुनी साडी घडी घालून. त्यावर सुरुवात एका कोपऱ्यातनं. आपण क्विल्टिंग क्लासमध्ये आधी सगळे तुकडे जोडून वरचा थर पूर्ण करतो, मग मधला थर, मग अस्तर, मग टाके. इथं आधी जोडणं हा प्रकारच नाही. तुकडा ठेवला, कड बोटानं आत दुमडली, नखानं दाबली, आणि धावदोरा चालू. तुकडा बसवणं आणि टाका घालणं एकाच वेळी होतं. टाक्याची ओळ कापडाच्या कडेला धरून जाते, कोपऱ्यावर वळते, परत कडेनं, अशी फिरत फिरत आत येते आणि शेवटी मधोमध संपते. पुढचा तुकडा कुठला हे आधी ठरलेलं नसतं. अक्का गाठोड्यात न बघता हात घालायच्या, दोन-तीन कापडं काढायच्या, लांब धरून बघायच्या, एक ठेवायच्या. मी विचारलं कसं ठरवता, तर म्हणाल्या शेजारचा तुकडा सांगतो.

दोरा जाड पांढरा सुती. टाका तांदळाच्या दाण्याएवढा, आणि दोन ओळींमध्ये अर्ध्या बोटाचं अंतर. अक्कांचं अंगठ्याशेजारचं बोट सुईनं घट्टे पडून कडक झालेलं होतं. आत्यानं ते बघितलं, काही बोलली नाही, फक्त स्वतःचा उजवा हात पुढं केला. तिचंही तेच बोट तसंच आहे.

मग आत्यानं तिची वाकळ काढली. अक्कांनी ती उलटी केली. सरळ बाजू बघितलीच नाही आधी, उलटी बघितली, ओळीवरनं बोट फिरवलं, आणि आतल्या बाईला हाक मारली, तिनं शेजारणीला बोलावलं. पाच मिनिटांत ओसरीवर सात-आठ बायका, वाकळ हातोहात फिरतेय. आमच्या घरात याच वाकळा "आता बास झालं गं, कशाला डोळे फोडून घेतीस" म्हणून माळ्यावर गेल्यात. हे म्हणणाऱ्यांत मीपण होते. त्या दिवशी आत्याचा चेहरा बघून मला ते माझं बोलणं फार लागलं.

फरक होता तो कोपऱ्यांत. अक्कांच्या एका पूर्ण झालेल्या कवंदाला चारी कोपऱ्यांवर छोटे त्रिकोण होते, कापडाच्या चौकोनाच्या घडीवर घडी घालून, एकावर एक रंगांचे थर बसवलेले. याला 'फुलं' म्हणतात. फुलं नाही लावली तर कवंद उघडं दिसतं, नागडं, असं त्या म्हणाल्या. आत्यानं लगेच विचारलं, "आणि पोट?" आमच्याकडं वाकळीची शेवटची मधली जागा शिवून बंद करायच्या आधी आत भाकरीचा वाळका तुकडा किंवा चिमूटभर धान्य ठेवायची पद्धत, आत्याच्या आईपासूनची, पांघरणाऱ्याला उपाशी झोपायला लागू नये म्हणून. आत्यानं हे सांगितल्यावर बायका हसल्या, मग त्यातली एक म्हातारी उठली, आतनं मूठभर तांदूळ घेऊन आली आणि आत्याच्या ओंजळीत टाकले. "तुझ्या पोटाला घे," म्हणाली.

या दिवसाचा शेवट मात्र खराब झाला. यल्लापूरजवळ एक होमस्टे पंधरा दिवस आधी पैसे भरून ठरवलेला, तिथं रात्री सात वाजता पोचलो तर खोली दुसऱ्यांना दिलेली. अंधार, जंगल, आत्याचे गुडघे दुखतायत. मुलगा चिडला, मीपण. शेवटी रस्त्यावरच्या किराणा दुकानदारानं फोन करून त्याच्या ओळखीच्या सुपारीबागेतल्या घरी सोय लावली. या भागात जाणार असाल तर निघायच्या दिवशी सकाळी फोन करून बुकिंग परत पक्कं करा, आणि अंधाराच्या आत पोचा, पुष्कळ ठिकाणी रेंज नसते.

दिवस तिसरा: धुकं, तोडदेव आणि टाके

खोली गेली ते बरंच झालं असं सकाळी वाटलं. ते हव्यक (तिकडचे ब्राह्मण) कुटुंबाचं घर, मागं सुपारीची बाग, मिरीचे वेल चढलेले, आणि धुक्यात सगळं ओलं. नाश्त्याला ओव्याच्या पानांची तंबळी (ताकातलं गार कालवण) आणि गरम भात, वर खोबरेल तेल. आणि नंतर तोडदेव! तांदळाचं पातळ पीठ उसाच्या रसात कालवतात, खालून जाळ लावलेल्या उपड्या मडक्यावर कापडाच्या बोळ्यानं झरकन पसरतात आणि क्षणात सोलून घडी घालतात. मलमलीच्या रुमालासारखा पातळ, जिभेवर ठेवला की गेला. काकूंनी मलापण मडक्यावर पसरायला दिलं, माझा फाटला, त्या म्हणाल्या फाटलेला पण गोडच लागतो, आणि खरंच लागला.

दुपारी परत वस्तीवर. आदल्या दिवशी आत्यानं विचारून घेतलं होतं, बसू का तुमच्यासोबत? त्या म्हणाल्या ये की. तर आत्या कवंदाच्या एका बाजूला आणि अक्का दुसऱ्या बाजूला, मध्ये गाठोडं. मी बराच वेळ सुई धरली नाही, नुसती बघत बसले. आत्याची ओळ जरा घट्ट, अक्कांची सैल, त्यामुळं अक्कांच्या बाजूला कापडाला छान सुरकुती येते, पाण्यावर वारा आल्यासारखी. आत्यानं तासाभरात हात सैल केला.

बोलणं कशावर? सुनांवर, गुडघ्यांवर, पावसानं भात पडला त्यावर, रॉकेल बंद झालं त्यावर. आणि कापडावर. अक्कांचं म्हणणं, आता जुने कपडे पूर्वीसारखे मिळत नाहीत, सगळं पॉलिस्टर, त्यात सुई अडते आणि थंडीत ऊब येत नाही. मला हे ऐकून एकदम इचलकरंजी आठवली, जिथं सुती कापडाचे काठ आणि तुकडे किलोवर मिळतात. पुढच्या महिन्यात एक पोतं पाठवायचं ठरलंय, रंग त्यांनी सांगितलेत, लाल सगळ्यात जास्त.

किमतीचं. मोठं कवंद पूर्ण व्हायला, बाकीची कामं सांभाळून, दोन-अडीच महिने लागतात असं त्यांनी सांगितलं. आम्ही एक मध्यम आकाराचं साडेचार हजाराला घेतलं, सांगितलेली किंमत दिली. कृपा करून घासाघीस करू नका. तिथं बसून एक वीतभर ओळ स्वतः शिवून बघा, मग भाव करायची इच्छाच होणार नाही. लहान बाळाची कवंदंपण मिळतात, बारशाला द्यायला यापेक्षा चांगलं काही मला तरी माहीत नाही. रोख पैसे जवळ ठेवा. धुताना गार पाणी, आणि सावलीत वाळवा, कारण प्रत्येक तुकडा वेगळ्या वयाचा असतो आणि त्यातला एखादा रंग सोडतोच.

संध्याकाळी मुलाच्या हट्टासाठी मागोडचा धबधबा बघितला, बेडती नदी खाली दरीत पडते ती. सुंदर आहे, पण माझं लक्ष नव्हतं खरं सांगायचं तर.

दिवस चौथा: मुंडगोड

यल्लापूरहून मुंडगोड तासाभराचा रस्ता. इथं १९६६ पासून तिबेटी वसाहत आहे, आणि गंदेन आणि द्रेपुंग हे दोन मोठे मठ. भाताच्या शेतांमधनं जाता जाता एकदम सोनेरी शिखरं दिसायला लागतात. मी इथं निव्वळ मोमोसाठी थांबूया म्हणलं होतं, पण वाकळ इथंही पाठ सोडेना.

प्रार्थनेच्या मोठ्या हॉलमध्ये छतापासून लोंबणारे लांब पताके, रेशमाचे रंगीत तुकडे एकाला एक जोडून केलेले. तिबेटी लोक पूर्ण थांगका, म्हणजे गुंडाळून ठेवता येणारी बौद्ध धार्मिक चित्रंसुद्धा कापडाचे तुकडे जोडून करतात, आकाराची रेघ उठावदार यावी म्हणून घोड्याच्या केसांभोवती रेशीम गुंडाळून त्याची दोरी कडेनं शिवतात. एका तरुण भिक्षूनं, जो हिंदी छान बोलत होता, स्वतःचं पिवळं वस्त्र पसरून दाखवलं. तेपण तुकड्यांचं! शिवणी शेताच्या बांधांसारख्या. बुद्धांनी मगधातली भातशेतं आपला शिष्य आनंद याला दाखवली आणि भिक्षूंची चीवरं तशी शिवता येतील का असं विचारलं, तेव्हापासून ही पद्धत, असं त्यानं सांगितलं. आत्यानं खिडकीतनं बाहेरच्या शेताकडं बघितलं, मग त्या वस्त्राकडं, आणि म्हणाली, "आमच्या गाडगेबाबांनापण लोक गोधडेबुवा म्हणायचे. अंगावर ठिगळाची गोधडी घालून फिरायचे." भिक्षूनं ते नाव दोनदा म्हणून बघितलं, गोधडेबुवा, गोधडेबुवा.

थुक्पा (नूडल्सचं सूप) आणि मोमो खाऊन दुपारी निघालो. परदेशी पासपोर्टवाले पाहुणे सोबत असतील तर एक लक्षात ठेवा, वसाहतीत मुक्काम करायला त्यांना आधी परवानगी काढावी लागते आणि ती लगेच मिळत नाही. हॉलमध्ये फोटो काढायच्या आधी विचारा. हुबळीवरनं हायवे पकडला आणि रात्री उशिरा घरी.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी माळ्यावर चढले आणि आत्याच्या सगळ्या वाकळा खाली काढल्या. अकरा निघाल्या. गच्चीवर ऊन दाखवलं, शेजारच्या बायका बघायला आल्या, दोघींनी शिकव म्हणलं. आत्या मात्र त्या अर्ध्या वाकळीला बसलीय. पोटात तिनं त्या म्हातारीनं दिलेले तांदूळ घालून मधला तुकडा शिवून टाकला, आणि आता कोपऱ्यांना फुलं लावतीय, आमच्या घरातल्या वाकळीला पहिल्यांदाच. तीन कोपरे झालेत. चौथ्यासाठी अक्कांनी दिलेलं लाल संपलं आणि बाजारात मिळतंय ते सगळं चकाकणारं. कुणाकडं जुनी गडद लाल सुती साडी असेल, विरलेली असली तरी चालेल, तर कळवा, मी येऊन घेऊन जाते.